गुडघ्यांना जागा

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट असेल. सांगवीतल्या आमच्या घरी मोरीच्या कोपऱ्यात लहानसा कमोड बसवायला बारामतीहून एक मिस्त्री आला होता. कमोड त्यानं वाकळेत गुंडाळून सायकलवर आणला होता.

मोरी अगदीच अरुंद. त्यानं बादली उलटी ठेवली आणि मला म्हणाला, "वैनी, हिच्यावर बसून बघा. गुडघं दाराला लागत्यात का?"

"पुण्याच्या पावण्यांसाठी बसवतोय," हे बाहेरून म्हणाले.

"पावणं जातील की. रोज वैनीच वापरणार," म्हणत त्यानं बादली चार बोटं मागं सरकवली. "घरी बायकूला असंच बसवून माप घेतलं."

"किती वर्षं मागं लागली होती ती?" मी विचारलं.

"तिनं मागितलंच न्हाय. रातचं बाहेर जायला लागू नये म्हणून सांजंपासनं पाणी प्यायची न्हाय, ते मला दिसलं."

लग्न झाल्यापासून मीही सांजेनंतर पाणी पीत नव्हते. ते आमच्या घरात कुणालाच दिसलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारणी कमोड बघायला आल्या. "नशीब काढलंस बाई," म्हणाल्या. मी हसून त्यांना चहा दिला. मनात मात्र त्या न पाहिलेल्या बाईचा हेवा सलत होता. मिस्त्री निघताना तिचं नाव विचारावंसं वाटलं होतं, पण जीभ रेटली नाही.