तीन पत्रांचा नियम

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी साकीनाक्याला तबल्यावरची चामड्याची पुडी बदलून घ्यायला गेलो होतो. फोनवर सुलभावहिनी होत्या, दिनूची बायको. "भावजी, हे गेले. सकाळी उठलेच नाहीत..." मग म्हणाल्या, "आज पत्राचा गुरुवार आहे हो. पत्र कोण पाठवणार?" मला त्या क्षणी वहिनींचा राग आला होता. माणूस गेलाय आणि ह्यांना पत्राचं पडलंय. आज दीड महिन्यानंतर वाटतं की त्या दिवशी सगळ्यांनी मिळून जे काही विचारलं, त्यातला कामाचा प्रश्न तेवढा एकच होता.

दिनू मॅन्डोलिन वाजवायचा. वडील मालवणकडून गिरणीत आलेले, हा दिवसा मरोळला एका कारखान्यात आणि संध्याकाळी लग्नाच्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्रात. मी त्याच ऑर्केस्ट्रात तबल्यावर. मग कीबोर्ड आला, आणि मालकाने एक दिवस दिनूला सांगितलं की तुझं काम आता बटणावर होतं. दिनू भांडला नाही. वाद्य पिशवीत घातलं, मालकाच्या पुढ्यातला वडा उचलून खाल्ला आणि घाटकोपरला घरी आला. पुतण्याने सांगितलं म्हणून काही दिवस व्हिडिओही टाकून बघितले. लोक चार सेकंद बघायचे आणि पुढे जायचे. "माझ्या दारावरून जाणाऱ्यांना मी नाही वाजवून दाखवणार," तो म्हणाला. "ज्याला ऐकायचंय त्याने पत्ता द्यावा. मी त्याच्या घरी जातो." कुणी येऊन म्हणालं की छान वाजवता, की हा लगेच त्याचा ईमेल मागायचा. कौतुक करून माणूस असा सुटायचा नाही.

अशी ती पत्रं सुरू झाली. ईमेल हा शब्द त्याने कधी वापरला नाही, पत्रच म्हणायचा. एक गुरुवार सोडून एक. चार ओळी, सोबत स्वयंपाकघरात बसून वाजवलेली एक चाल (तिथे रस्त्याचा आवाज कमी येतो), आणि शेवटी एक प्रश्न. तुमच्या घरात कोण गुणगुणतं? ही चाल ऐकताना तुम्ही काय करत होता? लोक उत्तरं लिहायचे आणि दिनू दुपारभर बसून प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायचा. ट्रॉम्बेच्या एका बाईंनी कळवलं होतं की चाल ऐकता ऐकता भात करपला. पुढच्या पत्रातल्या चालीला त्याने नाव दिलं 'करपलेला भात', आणि त्या बाईंनी तेव्हापासून आमचा एकही कार्यक्रम चुकवला नाही.

पण त्याचा एक नियम होता. लागोपाठ तीन पत्रांना उत्तर आलं नाही की नाव कापायचं. जग नावं वाढवत होतं आणि हा कापत होता. मी म्हटलं, अरे येडा आहेस का. तो म्हणाला, "घरी बोलावलेला माणूस तीनदा येऊन एक शब्द बोलला नाही, तर चौथ्यांदा बोलावतोस का रे?" एकदा मला पत्रच आलं नाही म्हणून मी त्याला फोन केला.

"काढलं तुझं नाव," दिनू म्हणाला.

"अरे, मी तुझ्याबरोबर तबला वाजवतो, यार."

"वाजवतोस ना? मग ऐकत जा. तीनदा विचारलं, एकदा तरी लिहिलंस? आता लिही. सगळे लिहितात."

आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी मुकाट्याने लिहिलं. त्याचं उत्तर आलं, 'आपले स्वागत आहे.' वीस वर्षं माझ्या डब्यातलं जेवणारा माणूस मला आपले म्हणत होता! आणि हा नियम त्याला स्वतःलाही लागू. यादीत सगळ्यात वर त्याने आपला जुना पत्ता घातला होता, आणि दर वेळी इमानदारीत स्वतःच्या पत्राला उत्तर द्यायचा... 'दुसऱ्या अंतऱ्यात घसरलास, दिन्या.'

फक्त पत्रातून बोलावणं धाडून पहिला कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये केला तेव्हा अंधेरीचा एक कार्यक्रमवाला आम्हाला हसला होता. ना बॅनर, ना जाहिरात, ईमेल कोण वाचतं आता? संध्याकाळी हॉल भरला आणि त्या ट्रॉम्बेच्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. तोच गृहस्थ पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन आला. त्याला पत्ते हवे होते, त्याच्या इतर कार्यक्रमांच्या जाहिराती पाठवायला. दिनू चिडला की मालवणीवर यायचा. "मी हय माणसां विकूक बसलंय काय रे?" पेढे मात्र ठेवून घेतले.

शोकसभेत हाच गृहस्थ बोलायला उभा राहिला आणि दिनूला 'उपेक्षित कलावंत' म्हणाला. मी जागेवरूनच म्हटलं, खाली बसा. शोकसभेत असं बोलू नये हे मला कळतं. पण उपेक्षित कुणाला म्हणता? ज्याच्या चालीसाठी लोक गॅसवरचा भात विसरतात त्याला? तुम्हाला तो माहीत नव्हता, हा तुमचा तोटा. सभा संपल्यावर त्याने वहिनींना गाठलंच. श्रद्धांजलीचा मोठा कार्यक्रम करू, फक्त ते पत्ते द्या, नाहीतरी आता पडूनच राहणार. वहिनींनी शांतपणे विचारलं, "ह्यांच्या एका तरी पत्राला तुम्ही उत्तर दिलं होतं का?" वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, कॉम्प्युटर तुम्ही बघा. तुम्हाला लिहिता येत नाही ते मला ठाऊक आहे. तरी लिहा."

तेव्हापासून मी लिहितोय. खराब लिहितो, तसं लोक कळवतातही. दिनूने वाजवून ठेवलेल्या चाली कॉम्प्युटरवर आहेत, त्यातली एकेक पाठवतो. पहिल्या पत्रात तो गेल्याचं कळवलं, आणि शेवटी प्रश्न काय विचारावा ते सुचेना म्हणून लिहिलं, अजून ऐकणार का? उत्तरं वाचायला वहिनी शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. चहा निवला, दुपार गेली. दोघंही रडलो, आणि मग एकेकाला उत्तर लिहायला लागलो, कारण ते दिनूने कधी टाळलं नव्हतं.

गेल्या गुरुवारी तिसरं पत्र गेलं. काल त्याच्या टेबलाशी बसून यादी तपासली. बोरिवलीच्या एका गृहस्थांचं उत्तर तीनही वेळा नव्हतं, त्यांचं नाव कापलं. मुलुंडचं एक कापलं. नियम म्हणजे नियम, त्यात ढिलाई केली असती तर दिनूने मला सोडलं नसतं. मग नजर यादीच्या अगदी वरच्या, त्या जुन्या पत्त्यावर गेली. तीन पत्रं गेली, तिथूनही एक ओळ आलेली नाही. वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

मी चौथं पत्र लिहायला घेतलं. ते त्यालाही जाईल. पाचवंही जाईल. दिनूला हे मान्य नसेल तर त्याने तसं लिहून कळवावं.