पदकाच्या कडेवरचं नाव

परवा सुनेने केसांसाठी रिठे उकळले. तो वास आला आणि मी भिवंडीतल्या आमच्या जुन्या सराफी दुकानात जाऊन बसलो. तिथे जुनी चांदी आम्ही रिठ्याच्या पाण्यात धुवायचो.

जवळच्या शेलार गावची एक म्हातारी नातवाच्या आजारपणात नवऱ्याचं फौजेतलं पदक माझ्याकडे विकून गेली होती. "वितळवू नका शेठ, मी परत नेईन," असं तिने सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. पुढे पदकं जमवणारा एक शौकीन मुंबईहून आला. त्याला मी ते विकून टाकलं.

दिवाळीनंतर ती आली. खरं सांगायला माझी जीभ वळेना. वितळवायला ठेवलेल्या मोडीच्या डब्यात तसंच दुसऱ्या कुणाचं पदक पडलं होतं. फौजी पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असतं. आत जाऊन मी ते नाव कानशीने घासून काढलं, पदक रिठ्यात धुतलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

तिने कडेवरून बोट फिरवलं. "हितं यांचं नाव व्हतं."

"चांदी झिजते, मावशी."

"हां, सारखं अंगठ्यानं चोळीत बसायचे. मीच बोलायची, पदक हाय का तंबाखू?" ती हसली आणि पदक कपाळाला लावून म्हणाली, "तुमी जपलंत, शेठ."

तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. कानस चालवण्याआधी ते दुसरं नाव मी वाचलं होतं. आता किती आठवून पाहतो, पण ते आठवत नाही.