सत्काराच्या सकाळी कापलेला वाळा

आमच्या कॉलनीमागच्या नाल्याचा पुन्हा ओढा करणारे महापालिकेतले साहेब निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा सत्कार ओढ्याकाठीच करायचं ठरलं. तयारी माझ्याकडं आली. यादीशिवाय मी भाजीलाही जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

चिकलठाण्याकडं आम्ही राहायला आलो तेव्हा मागच्या खिडक्या बारा महिने बंद असायच्या. नाल्यावर स्लॅब टाका, एवढीच आमची मागणी होती. साहेब म्हणाले, "झाकल्यानं पाणी सुधारत नाही, फक्त दिसायचं थांबतं." त्यांनी सांडपाणी वेगळ्या पाइपात घेतलं, सरळ केलेल्या नाल्याला जुनी वळणं परत दिली आणि दोन्ही काठांवर वाळा लावला, आपण कूलरला लावतो तोच. पहिल्या पावसाळ्यात अर्धा काठ वाहून गेला. लोक हसले. साहेब नवे ठोंब घेऊन परत आले. आता माझं वाळवण मागच्या अंगणात असतं.

सत्काराच्या सकाळी खुर्च्या मोजून घ्यायला गेले, तर काठावर जेसीबी चालू आणि वाळा सपाट कापलेला. शेजारी कॉलनीचे अध्यक्ष कमरेवर हात ठेवून उभे. मूळचे गंगापूरकडचे, उसाचं रान असलेले.

"काका, हे काय केलंत?"

"सायबांचा सत्कार, अन् काठ असा झिपऱ्या सोडून बसलेला? बरं दिसतं का? गडी लावून विळ्यानं कापलं, आता जेसीबीनं कोपरे सारखे करतोय. लई चकाचक झालं बघा."

"अहो, त्या झिपऱ्यांनीच काठ धरलाय! तेच त्यांचं काम आहे!"

काकांचा चेहरा उतरला. जेसीबी थांबवा, असं ते ओरडले खरे, पण त्याचा दात एका कोपऱ्यात आधीच घुसला होता. मुळं गेली असतील तर येत्या पावसात काठ पुन्हा जाणार, आणि साहेबांना ती उखडलेली मुळं आजच, शाल अंगावर असताना बघावी लागणार. यादीत यावर काही उपाय नव्हता.

तेवढ्यात साहेब आलेच. सवयीप्रमाणं लवकर, स्कूटरवर, मागं त्यांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या बाई. कुणी काही सांगायच्या आत ते उतारावर उतरले आणि काठानं चालू लागले. मी मागोमाग. मधेच थांबून त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

"वास येतोय का तुम्हाला?"

"गवताचा येतोय, साहेब."

"मग ठीक आहे. वाळ्याच्या पात्याला वास नसतो, मुळाला असतो. मुळं तुटली असती तर इथं नुसतं उभं राहून कळलं असतं. पाती कापायलाच आली होती, आता दाट फुटेल."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. जेसीबीच्या कोपऱ्यात मात्र तो वास आला, उन्हाळ्यातल्या माठासारखा गार. साहेब तिथंच बसले. उपटलेला गड्डा हातानं फोडून त्यांनी ठोंब वेगळे केले, वरची पाती छाटली आणि समोर येईल त्याच्या हातात एकेक ठेवला. इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं गुडघ्यावर बसून माती दाबू लागली.

काकांनी चाचरत विचारलं, "सायेब, म्हणजे मी चांगलंच केलं व्हय?"

"विळ्यानं केलंत ते चांगलं. त्या यंत्राचं मात्र कुणाला सांगू नका."

सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं काका. बाई मला म्हणाल्या, "आता दरवर्षीचं कापणं तुमच्याकडं हं. मला हे संध्याकाळी घरी हवेत."

शाल मी मातीच्या हातांनीच पुढं केली. साहेबांनीही मातीच्या हातांनीच घेतली. भाषणं राहून गेली, चहा निवला. काकांनी विळे धुऊन पुसले आणि मला विचारलं, "ताई, घरी नेऊन ठेवू ना? पुढल्या साली लागतील."