बाबांच्या पाठीशी

माझे सासरे साताऱ्याकडच्या एका शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवत होते. सासूबाई गेल्या आणि २०१४च्या सुमारास आम्ही त्यांना सहा महिन्यांसाठी ऑकलंडला आणलं. दुसऱ्याच महिन्यात ते नवऱ्याला म्हणाले, "माझं परतीचं तिकीट अलीकडे घे रे. इथं सगळं झकास आहे, पण दिवसभर बोलायचं कोणाशी? भिंतींशी?"

मला राग आला, आणि तो माझाच जास्त आला, कारण बोलणं खोटं नव्हतं. मी ईस्ट टामाकीला औषधांच्या वेअरहाउसमध्ये फार्मासिस्ट, नवरा शहरात बँकेच्या आयटीत. लेक शाळेतून आली की आजोबांच्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देऊन खोलीत पसार. बाबा रोज कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे इथल्या किराणा दुकानापर्यंत, चालत जायचे, मालकाला "किया ओरा" असा माओरी नमस्कार करायचे आणि दुधाची बाटली घेऊन परत यायचे. एवढंच त्यांचं दिवसाचं संभाषण.

त्याच सुमारास जवळच्या पापाटोएटो उपनगरातल्या हॉलमध्ये व्याख्यानांचा एक कार्यक्रम चालायचा. महिन्यातून एकदा दोन वेगवेगळ्या समाजांतली ज्येष्ठ माणसं आपापल्याकडची गोष्ट सांगायची. आधीच्या महिन्यात एक स्कॉटिश आजोबा आणि अमेरिकेहून आलेल्या एक प्राध्यापिका बोलल्या होत्या. आम्हा मराठी मंडळींपैकी कोणी गेलं नव्हतं. गेलो असतो तर पुढची फजिती टळली असती. आता माओरी ज्येष्ठांबरोबर आमची पाळी होती, आणि मी न विचारताच बाबांचं नाव देऊन मोकळी झाले. विषय होता 'आम्ही कसे शिकलो'. बाबा आधी "छे छे, मला कुठं इंग्रजी येतंय" म्हणाले. नवरा भाषांतर करेल म्हटल्यावर मात्र त्याच संध्याकाळी त्यांनी वही मागितली. तिकिटाचा विषय दोन आठवडे निघाला नाही.

आयोजकांची ईमेल आली: भाषणानंतर तुमच्या लोकांचं एक गाणं. झालं! गाणं म्हटलं की आपल्यात आधी समिती बसते. आमच्यातली सगळ्यांत सुरेल बाई निवडली गेली, पेटी आणि तबला ठरला, दोन रविवार तालमी झाल्या. समोरच्या रांगेत कोणी बसायचं यावरून रुसवेफुगवेही यथासांग पार पडले. बाकीच्यांनी ऐकायचं आणि फोनवर व्हिडिओ काढायचा. गाणं म्हणजे एकाने गायचं आणि इतरांनी दाद द्यायची, यात आम्हाला कोणालाच काही शंका नव्हती.

कार्यक्रमात आधी माओरी मंडळींचे आजोबा बोलले. त्यांचं बोलणं संपताच त्यांची सगळी माणसं खुर्च्यांवरून उठली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि गायली. ना पेटी ना तबला. दोघंतिघं चांगलेच बेसूर होते. आमच्यातल्या एकाने माझ्या कानात "तालीम कमी पडली" असा शेराही मारला.

मग बाबा उठले. त्यांनी शाळा सुटायच्या आधी म्हणायच्या पाढ्यांबद्दल सांगितलं. चारही वर्ग एका सुरात ओरडायचे आणि ज्यांच्या घरी घड्याळ नव्हतं त्या बायका तो आवाज ऐकून चुलीवर भात टाकायच्या. नवरा भाषांतर करत होता. लोक हसत होते. बाबांचा आवाज असा मोकळा मी सासूबाई गेल्यापासून ऐकला नव्हता.

टाळ्या झाल्या. आमच्या गायिकेने पेटीचा भाता उघडला. तबलजींनी हातोडी काढली आणि ठोकाठोक सुरू केली. आमची तीसेक माणसं फोन उंच धरून बसून राहिली. बाबा मात्र खाली उतरले नाहीत. आधीच्या आजोबांचं पाहून तेही माइकपाशी थांबले होते. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, मग बुटांकडे.

माझ्या शेजारी माओरी मंडळींपैकी एक आजी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "जा ना," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "गाणं त्यांच्या शब्दांना आधार द्यायला असतं. तुमचा माणूस तिथे एकटा उभा आहे."

मी उठले आणि गेले. शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, असा माझा गळा. बाबांच्या मागे उभी राहिले खरी, पण एक म्हणून गाणं आठवेना. तोंडातून निघालं ते हेच:

"बे एके बे..."

समोर कोणीतरी फिस्सकन हसलं. मी डोळे मिटले. "बे दुणे चार..." आणि तिसऱ्या ओळीला खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. फोन खिशात गेले. डॉक्टर, इंजिनिअर, नर्स, सगळे धावत आले. गायिका पेटी सोडून आली. बे त्रिक सहा, बे चोक आठ, अगदी तोच शाळेतला हेल. बाबा वळले आणि सवयीने हाताने ठेका धरू लागले. "बे दाहे वीस"ला हॉल दणाणला. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

नंतर चहाला त्या आजींनी बाबांना विचारलं, "तुमचं गाणं जुनं आहे का?"

"व्हेरी ओल्ड," बाबा म्हणाले, आणि त्यांच्याशीच अर्धा तास मोडक्या इंग्रजीत गप्पा मारत बसले.

परतताना गाडीत मोटरवे संपल्यावर बाबा नवऱ्याला म्हणाले, "ते तिकिटाचं राहू दे आता."

मग मागे वळून मला म्हणाले, "सूर नव्हता हं तुझा. पण सगळ्यांत आधी उठलीस."