काळा रंग कुणी दिलाच नव्हता

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काचेखाली दिसलं तर बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं, ही सवय. भुताखेतांचं काही फॉरवर्ड आलं की मी न वाचताच उडवते. त्यामुळे इथे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय.

मागच्या वर्षी आई गेली. आम्ही तिघं भावंडं — दादा, बेबी आणि मी. बेबी माझ्यापेक्षा मोठी, पण बुद्धीनं लहान मुलीएवढीच राहिली. सगळा जन्म तिचा बोरिवलीच्या घरात गेला, आईचा पदर धरून. आईला शेवटपर्यंत एकच घोर — माझ्यामागे बेबीचं कसं होणार?

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. समोर पाइपवर एकच बसलेला, तोही आमच्याकडे पाठ करून. ऊन चढलं, भटजी सारखे घड्याळ बघायला लागले. मालवणहून आलेली मावशी म्हणाली, "अगो, तिचो जीव बेबीत अडाकलो हा. कोणीतरी शब्द देवा." मग सुजाता वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, हात जोडले. "आई, बेबी आमच्याकडेच राहील, बोरिवलीच्याच घरात. शब्द देते." कावळा वळला, खाली उतरला आणि भातात चोच घातली. मी तेव्हाही मनात म्हटलं, भूक लागली असेल त्याला.

आता त्या क्लासचं सांगते. चित्र काढायचं आणि सोबत वाइन प्यायची, असला प्रकार. अंधेरीला एका सलूनच्या वरचा माळा, शनिवारची संध्याकाळ. बुकिंग वहिनीनंच केलं. "चल गं रेखा, आपण बायका-बायका मजा करू." सोबत माझी शाळेतली मैत्रीण स्मिता. मला वाटलं, वा, वहिनीला आज नणंदेचा पुळका कसा आला! ते रिक्षात कळलं.

"बेबीसाठी एक संस्था बघितलीये, कर्जतच्या पुढे. खूप छान आहे गं. आमच्या आरतीची दहावी आहे ना, पोरीला अभ्यासाला खोली नको?"

"आणि तू दिलेला शब्द?"

"अगं, कावळा शिवत नव्हता म्हणून बोलले मी तेव्हा! तू लॅबवाली ना? तू पण असलं मानतेस?"

माझंच हत्यार माझ्यावर चालवलं बाईनं.

वर गेलो तर टेबलावर कॅनव्हास, एप्रन, प्लास्टिकच्या ग्लासात वाइन. सगळ्यांनी एकच चित्र काढायचं — मावळतीचा समुद्र आणि एक होडी. शिकवणारी मुलगी चुणचुणीत होती. तिनं प्रत्येकीच्या प्लेटमध्ये रंग पिळले आणि म्हणाली, "ब्लॅक मी नवीन लोकांना देतच नाही हं. सगळं घाण करून ठेवता तुम्ही." वहिनीनं घोट घेतला, "ई, बिघडलेलं कोकम सरबत," म्हणून तोंड वाकडं केलं. स्मिता खो खो हसली. मी ग्लासाला हातही लावला नव्हता, सांगून ठेवते.

थोड्या वेळानं वहिनीच्या आकाशात, वरच्या कोपऱ्यात, एक काळा ठिपका दिसला. तिनं त्यावर नारिंगी फासला. ठिपका मोठा झाला. मग शेपूट आली, पंख आले...

"मॅडम, ब्लॅक कुठून आणलात?" शिकवणारी विचारायला लागली.

"मी नाही काढलं हे!"

सगळे रंग कालवले की काळपट होतं, ते मलाही कळतं. पण ते चिखलासारखं दिसतं. हा कोळशासारखा काळा होता. त्या मुलीनं स्वतः पांढऱ्या रंगाचा जाड थर दिला, हेअर ड्रायरनं वाळवला. वाळता वाळता कावळा परत वर आला. आमच्याकडे पाठ करून बसलेला. स्मितानं माझा दंड घट्ट धरला. तिनंही पाहिलं, तिला विचारा हवं तर.

"वहिनी," मी म्हटलं, "तोच आहे गं हा."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. ब्रश हातात तसाच, तिनं हात जोडले आणि पुटपुटली, "आई, चुकले. बेबी कुठ्ठे जाणार नाही. शब्द देते." शिकवणारीनं पुन्हा पांढरा लावला, पुन्हा ड्रायर फिरवला. आकाश स्वच्छ! परत काही आलं नाही. मला रडू फुटलं. खरं सांगते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला आई जवळ आहे असं वाटलं. जाताना आम्ही सेल्फीसुद्धा काढले.

महिनासुद्धा गेला नाही, दादाचा गाडीतून फोन. "बेबीला सोडून आलो. रडली थोडी, रुळेल हळूहळू."

मी दुसऱ्याच दिवशी कर्जत गाठलं आणि तिला घेऊन आले. आता ती कांदिवलीला, आमच्या हॉलमध्ये झोपते. वहिनीला विचारलं तर म्हणते, "दारूच्या अंमलात बोलले असेन काहीतरी." एका ग्लासाचा अंमल! ते चित्र तिनं फ्रेम करून बोरिवलीच्या हॉलमध्ये लावलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवते.

काळा रंग कुठून आला, मला ठाऊक नाही. शिकवणारीलाही नाही. पण मला छळतंय ते दुसरंच. बोरिवलीला गेले की मी आधी चित्राच्या त्या कोपऱ्यात बघते. आई, अगं परत फसवलं तिनं तुला, येऊन बस ना तिथे! पण कोपरा स्वच्छ असतो. एकदा शब्द दिला की आईला तो पुरला, दोन्ही वेळा.

आणि बेबी रोज संध्याकाळी चपला घालून माझ्या दाराशी उभी राहते. "चल ना रेखा, घरी जाऊया. आई वाट बघत असेल."

तिला काय सांगायचं, तेही मला अजून कळलेलं नाही.