पेयोआजोबांचा एक शब्द

आशालता कांबळे मूळची मिरजेची. गेली अकरा वर्षं ती परदेशात, माउंट रॉस्किल नावाच्या डोंगराजवळच्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. तिच्याकडे पेयो नावाचे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आजोबा होते. तरुणपणी बास्क मुलुखातून मेंढ्यांची लोकर कातरायला आले आणि इथलेच झाले. जूनमध्ये स्ट्रोक आला आणि साठ वर्षं बोललेलं इंग्रजी पुसून गेलं. उरली ती आईची बास्क भाषा, तीही तुटक.

दिवसभर ते एकच शब्द म्हणत, "बिस्कार."

कुणीतरी फोनवर अर्थ शोधला: पाठ. मग एक्सरे झाला, शेक झाला, गोळ्या सुरू झाल्या. आजोबा गोळ्या थुंकायचे आणि भिंतीकडे बघून रडायचे.

"पाठ दुखणारा माणूस अशी मान उंच करून बघत नाही गं," आशालता घरी लेकीला म्हणाली.

"मम, त्यांच्या फॅमिलीला आस्क कर ना," ओवी म्हणाली.

फाइलमध्ये मायते नावाच्या भाचीचा नंबर होता. सकाळी ड्यूटीवर आशालताने तिला व्हिडिओ कॉल लावला आणि तो शब्द सांगितला.

मायते आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "बिस्कार म्हणजे पाठ, खरंच. पण डोंगराची लांब धार असते ना, तिलाही आम्ही तेच म्हणतो. मामाच्या इकडच्या घरामागे तशी धार आहे. लहानपणी तो तिच्यावर मेंढ्या चारायचा."

"मग आधी कोणता अर्थ? पाठीचा की डोंगराचा?"

"कोण जाणे! आमची भाषा फार जुनी, तिचं जवळचं नातं कुठल्याच भाषेशी सापडत नाही."

त्याच दुपारी आशालताने मॅनेजरच्या मागे लागून आजोबांची खोली बदलून घेतली. नव्या खोलीच्या खिडकीतून माउंट रॉस्किलचा हिरवा उतार दिसायचा. आजोबांनी हात उचलला आणि डोंगराच्या कडेकडेने हवेतच फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"आमच्याकडे डोंगराला सोंड असते, आजोबा," ती मराठीतच म्हणाली.

"सोंड," ते म्हणाले.

गोळ्या बंद झाल्या. आजोबा पोटभर जेवू लागले. नोव्हेंबरात एका दुपारी ते शांतपणे गेले. आशालता शेजारीच होती.

मायतेने त्या धारेचा फोटो पाठवला. घरी जाताना बसमध्ये आशालताने तो मोठा करून पाहिला. वर, अगदी कडेला, कुणाच्यातरी मेंढ्या चरत होत्या.