लीनाचं माथेरान

आमच्या स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, लीनाचा तो किस्सा सांगा ना." तो म्हणजे कोणता? एकच असता तर सांगून मोकळी झाले असते! आमच्या गावात किस्से साठायला वेळ लागत नाही. तुम्ही नुसता एक रविवार मोकळा मागून बघा, गाव त्याच्या बदल्यात तुमच्या पदरात किस्सा टाकतं.

तर लीना नेदरलँडची. आमच्या हायस्कुलात मुलांना इंग्रजी बोलायला शिकवण्यासाठी तीन महिने आली होती, बिनपगारी. राहायला माझ्याकडे, कारण मी विज्ञान शिकवते आणि माझं इंग्रजी म्हणे बरं आहे. तिच्या देशात सगळी जमीन पोळपाटासारखी सपाट. डोंगर तिने जवळून कधी पाहिलाच नव्हता. आणि आमचं गाव लोधिवलीपासून थोडं आत, म्हणजे ओट्यावर दात घासायला उभं राहिलं की समोर माथेरानचा अख्खा डोंगर. पहिल्या सकाळी ती तोंडात ब्रश धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, मला वर जायचंय, तिथून खाली बघायचंय. बाकी काही तिने कधी मागितलं नाही. मी म्हटलं, त्यात काय, येत्या रविवारी जाऊ.

त्यात काय!

*

पहिल्या रविवारी गावातल्या संदेशची भाड्याची इको गाडी दारात उभी होती, लीना बूट घालून तयार होती, आणि बाळूनाना आले. बाळूनाना म्हणजे आमचे माजी सरपंच. पद गेलं, पण नानांची गावावरची मालकी काही गेली नाही. शाळेच्या मैदानातल्या चिंचेखाली मांडव घालून क्रिकेटच्या मॅची होत्या आणि उद्घाटनाला पाहुणे हवे होते.

"पाच मिन्टांचं काम हाय, मॅडम. एक बॉल खेळली की सुटली."

एक बॉल खेळली आणि तिची दांडी उडाली. अंपायरने नो-बॉल दिला. पुढच्या बॉलला पुन्हा दांडी, पुन्हा नो-बॉल. शेवटी एकदाचा चेंडूच तिच्या बॅटवर येऊन आदळला, तेव्हा लोकांनी फटाके लावले. मग नारळ, शाल, भाषणं, जेवण, आणि आता थांबलीच आहे तर बक्षीससमारंभही! आम्ही सुटलो तेव्हा गावात दिवे लागले होते.

ज्या पोराने पाहुणीची दांडी उडवली, त्याला नानांनी दिवसभर परत बोलिंग दिली नाही. त्याची टीम त्यापायी हरली.

*

पुढच्या रविवारी नानांच्या भाचीचा साखरपुडा साजगावात. मी स्पष्ट सांगितलं, आम्ही कर्जतकडून माथेरानला चाललोय. नाना म्हणाले, मग साजगाव वाटेतच आहे. वाटेत! कर्जत एकीकडे, साजगाव खोपोलीकडे. पण संदेश नानांचा पुतण्या. त्याने निमूट गाडी साजगावकडे वळवली आणि आरशात माझ्याकडे बघायचं टाळलं.

तिथे लीनाला थेट स्टेजवर नेऊन बसवलं. नवऱ्यामुलाचे साजगावच्या कंपनीतले मित्र आले, त्यांनी लीनाबरोबर फोटो काढले. बायका आल्या, त्यांनी काढले. प्रत्येकाने आपला मोबाइल माझ्या हातात दिला, कारण मी तशी मोकळीच होते ना! बिचारी लीना मधूनमधून मला विचारायची की डोंगराचं कधी. मी म्हणायचे, आता निघूच.

तेवढ्यात व्हिडिओवाला पुढे आला आणि वैतागून म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा, पाहुण्या कापल्या जातायत."

हे त्याने नवऱ्यामुलीला सांगितलं!

*

त्यानंतर एकदा एक प्लॉटवाला आला. खालापूर तालुक्यात आता भातापेक्षा प्लॉटवाले जास्त उगवतात, त्यातलाच एक. गोड बोलून आमची इको त्याने आपल्या साइटवर नेली. साइट म्हणजे चार चुन्याच्या रेघा आणि एक कमान. तिथे उभं राहून तो म्हणाला की डोंगर इथूनच किती छान दिसतो, वर जायची दगदग कशाला. लीनाचा कमानीखाली एक फोटो काढला, आठवण म्हणून.

पंधरवड्यात ती आठवण जुन्या हायवेवर बॅनर होऊन लटकली. लीनाचा हसरा चेहरा आणि खाली लिहिलेलं, 'आमचे समाधानी ग्राहक'.

माझं डोकंच फिरलं. त्याच्या ऑफिसात जाऊन मी त्याला असं धारेवर धरलं की बाहेरचा चहावाला आत डोकावून गेला. परक्या मुलीचा चेहरा न विचारता विकायला काढतोस, लाज वाटत नाही का, असं बरंच. तो शांतपणे म्हणाला, "काढतो ना मॅडम. मग तुमचा लावू का?" मी काही बोलायच्या आत त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि स्वतःच मान हलवली. "नको, तुम्ही इथल्याच वाटाल."

बॅनर उतरला. ते वाक्य मात्र अजून उतरलेलं नाही.

*

एका रविवारी मात्र आम्ही थेट नेरळपर्यंत पोचलो. खरंच पोचलो. माथेरानची छोटी गाडी फलाटाला लागलेली होती. लीना लहान मुलासारखी डब्याला हात लावून बघत होती आणि माझा फोन वाजला. हेडमास्तर. संस्थेचे एक मोठे देणगीदार अचानक आले होते आणि त्यांना परदेशी शिक्षिकेला भेटायचं होतं. मी म्हटलं, आज रविवार आहे, ती बिनपगारी आहे, आणि आमची गाडी सुटतेय. हेडमास्तर म्हणाले, "अहो, डोंगर काय पळून जातोय?"

आलो परत. देणगीदारांनी शाळेच्या पायरीवर तिच्याबरोबर सेल्फी काढला, फार छान काम चाललंय म्हणाले आणि जेवायला फार्महाऊसवर निघून गेले. त्या रात्री मी जेवले नाही. लीनाच मला भात वाढत होती आणि इट्स ओके म्हणत होती. मला त्या ओकेचाच जास्त राग आला.

*

मग मी नानांना गाठलं. तिची परत जायची तारीख आठवड्यावर आली होती आणि हातात एकच रविवार उरला होता. पारावर चारचौघांत मी सांगितलं की ती डोंगर बघायला आसुसलीय, तुमच्या मांडवांत मिरवायला आलेली नाही. या रविवारी कुणी आडवं आलं तर मी शाळेचं तोंड बघणार नाही.

नानांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. मग म्हणाले, "मॅडम, ह्या रोडनं दर शनवारी हजार गाड्या माथेरानला जातात. आमच्या गावाकडं मान वळवून कोनी बगत नाय. ही पोर पयलीच थांबली. म्हनून आमाला हाव सुटली."

मी म्हटलं, ते सगळं खरं, पण रविवार माझा.

*

त्या रविवारी उजाडायच्या आत निघालो. गावाच्या तोंडाशी नाना रस्त्यातच उभे. मी भांडणाच्या तयारीनेच काच खाली केली. त्यांनी एवढंच विचारलं की कोणत्या पॉइंटवर जाणार. मी तुटकपणे म्हटलं, चौक पॉइंट, आपल्याच बाजूचा. ते बाजूला झाले.

दस्तुरीला गाडी ठेवली, तिथून पुढे गाड्यांना बंदी. घोडेवाले मागे लागले, त्यांना लीनाने आमच्या पोरांकडून शिकलेल्या मराठीत चक्क नको म्हटलं. तांबड्या मातीतून चालत चालत, माकडांपासून बिस्किटं वाचवत चौक पॉइंटला पोचलो. लीना शेवटचं वळण पळत गेली आणि कठड्याशी थांबली.

खाली काही नव्हतं. धुरकं, दाट, पांढरं. दरी नाही, हायवे नाही, गाव नाही, कठड्यापलीकडचं झाडसुद्धा धड दिसेना. तीन महिने! एवढ्या मांडवांतून, हारांतून वाट काढत वर यायचं आणि समोर चुना फासलेली भिंत! मला रडू यायचंच बाकी होतं. डोंगरसुद्धा आमच्याच गावचा निघाला.

आम्ही थांबलो. ऊन चढलं, धुरकं तसंच. आणि फोन वाजला. नाना. मी संतापून स्पीकरवर टाकला.

"मॅडम, पोचलात का? मंग खाली बगा. आख्खं गाव शाळंच्या मैदानात हाय. मांडवाचा लाल कपडा हातरलाय, त्याच्यावर उभं ऱ्हाऊन आमी समदे हात हलवतोय. लीनाबायला इचारा, दिसतोय का आमी?"

मागे पोरांचा कल्ला ऐकू येत होता. म्हणजे डोंगरावरही कार्यक्रम! मी खरं ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात लीनाने माझ्या हातातून फोन घेतला.

"दिसताय नाना. सगळे दिसताय. लाल कपडा दिसतो." मग कठड्यावरून वाकून म्हणाली, "तुमची टोपी पण दिसते."

"टोपी दिसते रं माजी," नाना तिकडे कुणाला तरी सांगत होते. शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी ताशा बडवायला घेतला. मी लीनाकडे रागाने बघितलं. ती धुरक्याकडे तोंड करून खरोखरच हात हलवत होती.

मग नाना म्हणाले, जरा मॅडमला द्या. मी फोन कानाला लावला. त्यांनी आवाज खाली आणला.

"ती पोर पावनी हाय, आमचं मन राखायला बोलंल. तुमी सायन्सच्या. तुमी खरं सांगा. दिसतोय का आमी?"

मी समोर बघितलं. पांढरं, नुसतं पांढरं.

"दिसताय की," मी म्हटलं. "पण नाना, तुम्ही जरा डावीकडे सरका. चिंचेच्या मागे येताय."